स्टीलच्या सांगाड्यावर फायबर सिमेंटचं क्लॅडिंग : मालवणातून रिव्ह्यू

क्लॅडिंग म्हणजे भिंतीला बाहेरून चढवलेलं आवरण. बोर्डाला साडेचार तारे, बोर्डामागच्या कामाला पाच, खिडक्यांवरच्या फ्लॅशिंगला, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला, दोन. काम करणाऱ्या एजन्सीला सरासरी चार द्यायला माझी हरकत नाही. एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबावं. ज्यांचं बांधकाम समुद्रापासून हाकेच्या अंतरावर निघालंय त्यांनी मात्र पुढे वाचा, कारण कोटेशन घेऊन येणारा माणूस बोर्डाचे रंग दाखवतो आणि पुढे रडवतात ते बोर्डामागचे स्क्रू.

आमचं लॉज तारकर्ली रस्त्याला आहे. तळमजल्यावर खानावळ, वर दोन मजले खोल्यांचे, पश्चिमेची भिंत थेट समुद्राच्या तोंडावर. सांगाडा लोखंडी, मजल्यांना डेकशीटवर (नालीदार पत्र्यावर) काँक्रीट. भावोजींना आधी भिंती चिऱ्याच्याच हव्या होत्या. त्यात चूक काहीच नाही, आमच्याकडे चिऱ्यासारखी भिंत नाही. पण नऊ इंची चिऱ्याची भिंत चौरस मीटरला चारशे किलोच्या वर जाते, दहा मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड चौदा-पंधरा किलोत येतो. शिवाय चिरा पाऊस पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्याच्या पोटात लोखंडी खांब असेल तर ते पिणं कुणाला परवडणार? शेवटी जोत्यापासून कमरेपर्यंत चिरा आणि त्याच्या वर बोर्ड असं ठरलं. हे फार बरं झालं. खालच्या भागाला स्कूटरची हँडलं, पाहुण्यांच्या बॅगा, गॅसच्या टाक्या, सगळं लागतं. तिथे बोर्ड टिकला नसता.

एसीपीचं (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचं) कोटेशनही आलं होतं आणि ते स्वस्त होतं. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेली, त्यामुळे कोटेशनमध्ये ‘इत्यादी’ दिसलं की मी पेन उघडते. इथे ‘एसीपी ४ मिमी इत्यादी’ असं लिहिलेलं. आतला गाभा कसला, असं विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, सगळे तेच लावतात.” सगळे लावतात तो गाभा बहुधा पॉलिथिनचा असतो, म्हणजे दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या मधे जळाऊ प्लास्टिक. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली ती एका फ्लॅटमधल्या फ्रिजपासून, आणि इमारतीवर पसरली ती याच जातीच्या क्लॅडिंगमधून. ७२ माणसं गेली. आमच्या तळमजल्यावर सकाळी सहापासून शेगड्या पेटलेल्या असतात. विषय तिथेच संपला. आग रोखणाऱ्या खनिज गाभ्याचंही एसीपी मिळतं, पण त्याचा भाव लावला की स्वस्ताई उरत नाही.

बोर्ड स्वतः जळत नाही म्हणून निर्धास्त राहायचं असंही नाही. बोर्ड आणि मागची भिंत यांच्यात पोकळी असते आणि आग लागली तर ती धुराड्याचं काम करते. म्हणून प्रत्येक मजल्याच्या पातळीला पोकळीत अडसर लागतो. आमच्याकडे रॉकवूलची (दगडापासून केलेल्या, न जळणाऱ्या लोकरीची) पट्टी आहे आणि तिच्या कडेला तापल्यावर फुगणारी पट्टी. एरवी हवा आणि पाणी जायला जागा राहते, आग आली की ती फुगून जागा बंद करते. एजन्सीच्या पहिल्या नकाशात ही होती, दुसऱ्या कोटेशनमध्ये गायब झाली. भाव कमी केल्याचं कारण तेच होतं. मी ती ओळ परत लिहून घेतली आणि काम चालू असताना प्रत्येक मजल्यावर तिचे फोटो काढून ठेवले. बोर्ड चढले की ती पट्टी कोणालाच दिसत नाही, ठेकेदारालाही नाही.

आता वारा. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ मध्ये आमच्या समोरून गेलं तेव्हा बाजारातल्या एका दुकानाचे दर्शनी पत्रे कोपऱ्यापासून सोलत गेले, मधले जागेवर. तसंच होतं. वारा भिंतीला ढकलतो त्याहून कोपऱ्यांवर आणि कडांवर तिला बाहेर ओढतो, आणि सगळी ओढ येते स्क्रूच्या डोक्यावर. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात (२०१५ ची आवृत्ती) गावोगावचा वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे, पणजीला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणायचं. त्याआधी उंची आणि भूभागाचे गुणक वेगाला लावावे लागतात, ते इंजिनिअरवर सोडा. आमच्या इंजिनिअरने ४४ धरला. नुसता तेवढाच घेतला तरी चौरस मीटरला ११६१ न्यूटन होतात, साधारण ११८ किलो. म्हणजे आठ बाय चार फुटांच्या एका बोर्डावर साडेतीनशे किलो, आणि कोपऱ्यात त्याहून जास्त. म्हणून आमच्याकडे मधल्या भागात स्क्रू दीड-दीड फुटावर आहेत आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यांत फूटभरावर. कोटेशन घेताना एकच प्रश्न विचारा: कोपऱ्यात अंतर किती? “सगळीकडे सारखंच” असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा.

हे सगळं सांगाड्याला धरून बसतं ते ब्रॅकेटवर. इथे एजन्सीने जे केलं त्याला मी पाच तारे दिले. लोखंडी सांगाडा हलतो, हे मला आधी पटत नव्हतं. वाऱ्याने हलतो, उन्हाने वाढतो, भूकंपात तर मजल्यावरचा मजला बाजूला सरकतो. भूकंपासाठीच्या आयएस १८९३ या मानकात हे सरकणं मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीपर्यंत चालतं, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटर. १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा धक्का ज्यांनी कोकणात अनुभवलाय त्यांना हा आकडा पुस्तकी वाटणार नाही. बोर्ड सांगाड्याला सगळीकडून घट्ट जखडला तर सांगाडा सरकणार आणि बोर्ड फुटणार. म्हणून बोर्डाला एकच जागा पक्की ठेवतात, बाकी भोकं स्क्रूच्या दांड्यापेक्षा मोठी पाडतात. आमच्या पोराने, म्हणजे फोरमनने, मला एक बोर्ड चढायच्या आधी दाखवला. मधल्या भोकात स्क्रू कच्चून बसलेला, कडेच्या भोकात त्याच्या भोवती चंद्रकोरीएवढी फट. मी बोटाने हलवून बघितला, हलत होता. बोर्ड ज्यांवर बसतात ते ॲल्युमिनियमचे उभे रनर तीन-तीन मीटरचे आहेत. सकाळ ते दुपार चाळीस अंशांचा फरक पडला (उन्हातला काळपट धातू तेवढा तापतोच) तर एक रनर जवळपास पावणेतीन मिलिमीटर वाढतो. दोन रनरच्या मधे फट नसती तर पहिल्याच एप्रिलमध्ये भिंत पोटफुगी झाली असती.

रनर ॲल्युमिनियमचे आणि सांगाडा लोखंडाचा, त्यामुळे दोघांच्या मधे ब्रॅकेटखाली रबराची गादी आहे. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना भिडले की त्यातला एक दुसऱ्याला खातो. या गाद्या छोट्या असतात, कामगारांच्या खिशात राहतात आणि विसरल्या जातात. मी रोज संध्याकाळी उरलेल्या मोजायचे. फोरमन वैतागला होता, पण पुढे पुढे स्वतःच आणून दाखवू लागला.

स्क्रूची गोष्ट जरा मोठी आहे. कोटेशनमध्ये ‘एसएस स्क्रू’ होतं. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार बाजारात चालतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि समुद्राकाठी तेच लागतं, ३०४ ला चहासारखे डाग पडतात आणि पुढे खड्डे. पुष्कळजण चुंबक लावून बघतात. चुंबकाने साधं लोखंड पकडलं जाईल, ३०४ आणि ३१६ मधला फरक त्याला कळत नाही. त्यासाठी मॉलिब्डेनमची थेंबांची चाचणी मिळते, एक थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. आम्ही प्रत्येक पेटीतला एक स्क्रू तपासला. त्यातूनही दक्षिणेच्या बाजूला कुणीतरी जुन्या पेटीतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) स्क्रू ठोकलेच, आणि दिवाळीच्या आत बोर्डावर तांबड्या ओघळांची रांगोळी. बदलून दिले, पैसे न घेता. बोर्डावरचा ओघळ मात्र पूर्ण गेलेला नाही.

मला सगळ्यात चकवणारी गोष्ट वेगळीच निघाली. पश्चिमेला, जिथे झड थेट आपटते, तिथले स्क्रू चकचकीत. छज्जाखालचे, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही, तिथले काळवंडले. कारण पाऊस मीठ धुऊन नेतो आणि छज्जाखाली मीठ साचत राहतं. हे कळल्यापासून छज्जाखालच्या पट्ट्या वर्षातून काही वेळा विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायच्या असा नियम केलाय. प्रेशर जेट मात्र वापरू देत नाही, सांध्यांत पाणी घुसतं. नळी आणि झाडू पुरतो. उत्तरेच्या भिंतीला पावसात हिरवट काळं चढतं, ते साबणाच्या पाण्याने निघतं. बोर्ड फिक्या रंगाचा घेतलात तर उन्हाळ्यात सुखी, पावसाळ्यात दुःखी.

पाणी. भावोजींचा पहिला आग्रह होता की बोर्डांमधल्या सगळ्या फटी सिलिकॉनने बंद करायच्या. फोरमन आमच्या देवबागचा, त्याने काम थांबवून सांगितलं, “काकी, पाणी आत जातलाच. तेका भायर येवक वाट व्हयी.” यापेक्षा नेमकं त्या एजन्सीच्या रंगीत पुस्तकातही लिहिलेलं नव्हतं. आमच्या आजोळी पावसाळ्यात पडवीला माडाच्या झापांचे ताटवे बांधायचे. ताटवा पाण्याने भिजायचा, पण त्याच्या आणि मातीच्या भिंतीच्या मधे हात जाईल एवढी जागा असायची, त्यामुळे भिंत कोरडी. हे क्लॅडिंग त्याच जातीचं आहे. पुढचा बोर्ड पाऊस झेलतो, सांधे उघडे, मागे तीस-चाळीस मिलिमीटर पोकळी, तिच्यामागे पाणी अडवणारा पडदा, आणि खाली-वर हवेला वाट. पोकळीत हवेचा दाब बाहेरच्या इतकाच राहतो, त्यामुळे वारा पाण्याला आत ढकलू शकत नाही. उलट सिलिकॉनने सगळं बंद केलं की आत-बाहेर दाबाचा फरक राहतो, आणि सिलिकॉनला केसाएवढी चीर पडली की पाणी शोषलं जातं. सांधा उन्हाने वाढत-आकसत राहतो, त्यामुळे कधीतरी सिलिकॉनला चीर पडतेच. मग आतलं पाणी बाहेर यायला जागाच नाही.

खालच्या वाटेला जाळी लागते, उंदीर आणि घुशींसाठी. नकाशात जाळी होती. नकाशात नव्हती ती कुंभारमाशी. खिडकीच्या फ्लॅशिंगखाली पाणी निघायला जी बारीक छिद्रं ठेवतात, ती तिला अगदी घरकुलाच्या मापाची वाटतात. मार्च-एप्रिलमध्ये ती मातीने लिंपून टाकते, आणि जूनमध्ये पाणी अडतं. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या कामांत, पापड-मसाल्यांबरोबर, एक काम वाढलंय: सायकलची तार घेऊन सगळी छिद्रं मोकळी करणं. हे काम कोणतीही एजन्सी सांगणार नाही, मी सांगते.

आता दोन तारे का, ते. खिडकीच्या वर जो वाकवलेला पत्रा असतो, फ्लॅशिंग, त्याचं काम वरून आलेलं पाणी बाहेर टाकायचं. त्या पत्र्याची दोन्ही टोकं वर वळवावी लागतात, ताटाच्या काठासारखी. आमच्याकडे टोकं सपाट कापली होती. पाणी पत्र्यावर येऊन बाहेर पडण्याऐवजी आडवं धावलं, टोकाला पडलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून आतल्या जिप्सम बोर्डावर उतरलं. पश्चिमेच्या वरच्या मजल्यावर प्रत्येक खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात एकाच उंचीवर पिवळा डाग. सगळे डाग एका ओळीत आले तर पाऊस दोषी नसतो, कापणारा दोषी असतो. काम ताब्यात घ्यायच्या आधी नळीने पाणी मारून दाखवा असं मी म्हटलं होतं, तर त्यांनी भिंतीच्या मधोमध पाणी मारलं. प्रयोगशाळेत अशा चाचणीत चौरस मीटरला मिनिटाला ३.४ लिटर पाणी फवारतात, तेही आत-बाहेर दाबाचा फरक ठेवून. जागेवर तेवढं जमत नाही, पण किमान नळी खिडकीच्या वरच्या कडेवर, दोन्ही टोकांवर आणि गॅलरीच्या दाराच्या उंबऱ्यावर धरायला सांगा. खालून सुरुवात करून वर चढायचं, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळतं. मध्यावरचं पाणी कुठल्याही भिंतीला पचतं.

तक्रार केल्यावर माणूस आला, मान्य केलं, आणि श्रावणातल्या उघडिपीत टोकं वळवून नवे पत्रे बसवले. मधल्या काळात दोन खोल्या बंद. त्याची भरपाई मागितली तर “बघू” म्हणाले, ते अजून बघतायत.

एक भांडण मी जिंकले ते इथे नोंदवते. त्यांच्या नकाशात जिप्समच्या मागे आतल्या बाजूला पॉलिथिनचा कागद होता. हा नकाशा थंडीच्या देशातला उचललेला. तिथे घरातली वाफ बाहेर जाते, भिंतीत गोठू नये म्हणून आत कागद लावतात. आमच्याकडे उलटं. बाहेरची हवा ओली आणि खोलीत एसी, त्यामुळे दमट हवा बाहेरून आत येते, गार कागदावर पाणी धरतं आणि जिप्समच्या पाठीला बुरशी. आमच्या इंजिनिअरने तो कागद काढायला लावला आणि ओल अडवायचं काम बाहेरच्या पडद्याकडे दिलं. त्याच कारणाने एसीच्या खोल्यांत मी व्हिनाइलचा वॉलपेपर लावू दिला नाही. पाहुण्यांना भिंती साध्या वाटतात. वाटू देत. खोलीला कुबट वास नाही, हे ते लिहून जातात.

बोर्डाचा अर्धा तारा कापलाय तो कडांसाठी. फायबर सिमेंट तोंडाने नाही, कडेने पाणी पितं. कारखान्यातली कड सील केलेली येते, पण जागेवर कापलेली प्रत्येक कड हाताने सीलर लावून बंद करावी लागते, बोर्ड चढायच्या आधी. जिथे राहिलं तिथे दोन पावसाळ्यांत कडेला काळी किनार आली आणि रंग सुटायला लागला. आणि खरेदीच्या वेळी आयएस १४८६२ चा ‘टाइप ए’ आहे का ते बघा, बाहेरच्या कामाला तोच. ‘टाइप बी’ आतल्या भिंतींसाठी, पण दुकानात दोन्ही शेजारी उभे असतात आणि दिसतात सारखे. कापताना धूळ भयंकर उडते आणि ती छातीला वाईट, पाणी मारून किंवा धूळ ओढणारं यंत्र लावूनच कापायला सांगा. आमच्या शेजारच्या वहिनींनी वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर ती बसली तेव्हा मला तोंड द्यावं लागलं, ठेकेदाराला नाही.

बाकी पश्चिमेच्या खोल्या दुपारी पूर्वीच्या पत्र्याच्या खोल्यांपेक्षा स्पष्ट गार असतात. ते श्रेय रॉकवूल आणि पोकळीतल्या हवेचं. जोराच्या पावसात आवाज येतो, पण बोलणं थांबवावं लागत नाही.

दुरुस्ती सोपी आहे, हे मात्र मनापासून सांगते. एका वादळी रात्री माडाचा नारळ झावळीसकट येऊन कोपऱ्याच्या बोर्डावर आपटला. बोर्ड तिरका तडकला, मागचा पडदा शाबूत. फोरमनने स्क्रू काढले, शेजारच्या बोर्डांना हात न लावता तो एक उतरवला आणि नवा चढवला, जेवणाच्या वेळेआधी. चिऱ्याच्या किंवा गिलाव्याच्या भिंतीत हे होत नाही. नवा बोर्ड आमच्याकडेच होता, कारण काम संपताना त्याच लॉटचे काही बोर्ड मागून ठेवले होते. नंतर मागवलेला रंग कधीच जुळत नाही. ठेवताना सपाट आडवे, जमिनीपासून वर, छपराखाली. भिंतीला टेकवून उभे ठेवलेत तर वाकतात. आणि फोरमनचा नंबर एजन्सीकडून नको, त्याच्याकडूनच घ्या. गणपतीच्या आधी पंधरा दिवस तो कुणालाच मिळत नाही.